ओळीपुढची चांदणी

आगाशीच्या प्रल्हाद राऊत सरांविषयी कुणी काहीही सांगितलं तरी निम्मं खरं धरायला हरकत नाही. चहात साखर ते चमच्याने नाही, वजनकाट्यावर तोलून घालतात, हे खरं. बायकोचं ब्लडप्रेशर तीनदा मोजून सरासरी काढतात आणि ती सरासरी ऐकून तिचं पुन्हा वाढतं, हेही खरं. पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट तर अख्ख्या आळीला पाठ आहे. पाहुण्यांनी मुलाची उंची पाच फूट नऊ सांगितली. सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जरा त्या चौकटीला टेकून उभे राहता का?" टेप खिशातच होती. उंची पाच फूट साडेसात भरली. लग्न झालं, चांगलं सुखाचं झालं, पण त्या जावयाला राऊतांच्या घरात आजही 'दीड इंच' म्हणतात आणि बिचारा हाकेला ओ देतो.

एकतीस वर्षं सरांनी एका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पॉलिटेक्निकचं नाव नको, विश्वस्त मंडळी अजून हिंडती-फिरती आहेत. वर्गात सरांचं पालुपद एकच, "मोजून बोला." पोरांनी त्यांचं नावच 'मोजून' पाडलं होतं. व्हरांड्यात कुणी "मोजून आला रे!" असं कुजबुजलं की लॅब चिडीचूप.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता सर वाडीतल्या केळीच्या घडांची वजनं वहीत उतरवतात. पण सरांची एक वस्तू काही निवृत्त झाली नाही. ती म्हणजे त्यांची फाइल.

त्याचं असं आहे, की हल्ली सर्किट हातात घेण्याआधी लोक ते संगणकावर चालवून बघतात. त्याला म्हणायचं सिम्युलेशन. आता संगणकाला ट्रान्झिस्टर कुठून माहीत असणार? त्याला ट्रान्झिस्टरची कुंडली लिहून द्यावी लागते: इतका प्रवाह आत गेला तर इतका बाहेर, तापला तर असा वागेल, बंद व्हायला एवढा वेळ घेईल. यातला एकेक आकडा म्हणजे एकेक पॅरामीटर. सरांनी बाजारातल्या चाळीस ट्रान्झिस्टरांच्या कुंडल्या एका फाइलीत जमवल्या होत्या. सासूकडून सुनेकडे लोणच्याची कृती जावी तशी ती पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर गेली आणि वसई पूर्वेच्या कितीतरी गाळ्यांत आज तीच चालते. कुणी उत्पादकाचा छापील कागद पुढे केला, तर सरांचे जुने विद्यार्थी म्हणायचे, "कागदाचं काय घेऊन बसलायस! हे सरांनी मोजलंय."

सरांच्या कानावर हे यायचं. ते "छे, छे" म्हणायचे. मान मात्र होकारार्थी हलायची.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी इझाबेल तुस्कानो शेजारच्या गास गावाहून स्कूटीवर आली. ओटीवर सरांच्या पत्नी मंदाताई सोनचाफ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या.

"काकू, सर आहेत?"

"आहेत की. केळफुलाचं वजन चाललंय. जा आत, पण काट्याच्या जवळ उभी राहू नकोस, तुझंही करतील."

इझाबेल सरांच्या शेवटून दुसऱ्या बॅचची. जितेंद्र साटम नावाच्या सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याचा वसई पूर्वेला कारखाना आहे, तिथे ती सोल्डरिंगला लागली होती. पोरगी हुशार. सहा महिन्यांपूर्वी जितेंद्रने तिला पहिल्यांदा एक सर्किट स्वतः रचायला दिलं. तिने लॅपटॉप आणि कागदात गुंडाळलेला बोर्ड टेबलावर ठेवला, काकूंसाठी आणलेली वालाच्या शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सर, माझं काय चुकतंय ते सांगा. ओरडा हवं तर, पण सांगा."

यंत्र होतं टाकीची पातळी मोजण्याचं. उंच टाकीच्या तोंडाशी ते बसवायचं. ते खाली प्रकाशाचा एक ठोका सोडतं, ठोका आतल्या तेलावर आपटून परत येतो आणि किती वेळात आला, त्यावरून टाकी किती भरली ते कळतं. आता प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, फूटभर जातो. तेव्हा ठोका टाचणीसारखा टोकदार हवा. लांबट झाला तर गेलेला कुठला आणि परतलेला कुठला, हेच कळत नाही.

"सिम्युलेशनमध्ये चार नॅनोसेकंदांचा ठोका येतो, सर. बोर्डावर सत्तर."

"सतरा?"

"सत्तर. सातावर शून्य. बारापर्यंत आला तरी भागतं. दोन बोर्ड बनवले, दोन्हींत तेच. जितेंद्र सर म्हणतात, सिम्युलेशन बरोबर येतंय म्हणजे तुझा हातच चुकतोय. शुक्रवारी पार्टी बघायला येणार आहे. तोवर नाही जमलं तर डिझाइन पुण्याच्या एका माणसाकडे जाणार आणि मी परत सोल्डरिंगच्या टेबलावर." ती थोडी थांबली. "सोल्डरिंगमध्ये कमीपणा नाही, सर. पण घरी सगळ्यांना सांगून बसलेय. आईने तर चर्चमध्ये पण सांगितलं."

सरांनी चष्मा पुसला आणि ट्रान्झिस्टरची फाइल उघडायला सांगितली. फाइलीवर नाव होतं 'राऊत सर फायनल'. ते बघून त्यांना जरा बरं वाटलं.

तिने वापरलेल्या ट्रान्झिस्टरची कुंडली पडद्यावर आली. अशा कुंडलीची पहिली ओळ नावाची असते आणि पुढच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी अधिकचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, मागच्याचंच पुढे चालू. सरांनी ओळी मोजल्या. चार. बोट लावून पुन्हा मोजल्या. चारच. असायला हव्या होत्या पाच.

केळफूल काट्यावर तसंच पडलं होतं. सर पडद्याकडे बघत राहिले.

"काय झालं, सर?"

"बोर्डावरच्या तारा लांब पडल्या असतील," सर म्हणाले. "आखूड करून बघ."

"तिसरा बोर्ड करू?"

"करून तर बघ."

इझाबेलने मान हलवली, बोर्ड पुन्हा कागदात गुंडाळला आणि गेली. तिने शंका घेतली नाही. कशी घेणार? राऊत सर म्हणाले म्हणजे मोजूनच म्हणाले असणार.

आता ही पाचवी ओळ गेली कुठे, ते सांगायला हवं.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारे, आणि लॅबमधले संगणक असे, की चालू करून माणसाने चहा पिऊन यावं. त्या पाचव्या ओळीत ट्रान्झिस्टरच्या वेळेचे आकडे होते: चालू व्हायला किती वेळ खातो, बंद व्हायला किती, पोटात किती विद्युतभार धरून ठेवतो. एवढं सगळं सांभाळायचं म्हणजे संगणकाला मुंगीच्या पावलांनी हिशोब करावा लागतो. त्या म्हाताऱ्या यंत्रांना तो झेपेना. वीस पोरं वीस अडकलेल्या पडद्यांपुढे घाम पुसत बसली आणि परीक्षकांनी विचारलं, "राऊत, तुमच्याकडे नेहमीच असं असतं का?"

तेव्हा सरांनी चाळीसही कुंडल्यांतल्या पाचव्या ओळीपुढचं अधिकचं चिन्ह पुसून तिथे चांदणीची खूण ठेवली. ओळीच्या आरंभी चांदणी दिसली की सॉफ्टवेअर ती ओळ वाचतच नाही. परीक्षेपुरतं, असं मनाशी म्हणत त्यांनी हे केलं. पडदे पळाले, पोरं पास झाली, परीक्षकांनी पाठ थोपटली. चांदणी काढायची राहिली.

पुढे कुणा नीटनेटक्या पोराने चांदण्यांच्या ओळी म्हणजे कचरा समजून पुसून टाकल्या. मग ओळही गेली आणि खूणही गेली. आणि हे सॉफ्टवेअर असं भोळं, की जो आकडा लिहिलेला नाही, तो शून्य धरतं. म्हणजे हा ट्रान्झिस्टर बंद व्हायला वेळ घेतच नाही! आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईंच्या हाती ही कुंडली पडली असती, तर त्यांनी आधी तोच कोरा रकाना धरला असता: "इथे का काही लिहिलं नाही हो?" स्थळाच्या माहितीत जे लिहिलेलं नसतं, गोम तिथेच असते. संगणकाला आत्या नसते.

इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? कारण या गाळ्यांत बनतात ते बॅटरीचे चार्जर, इन्व्हर्टर, दारावरच्या घंटा. ती सगळी संथ कामं. घंटा सत्तर नॅनोसेकंद उशिरा वाजली, तर दारातला पाहुणा रुसून जात नाही. शून्य आणि सत्तर यांतला फरक दिसायला सर्किट पळवावं लागतं. पळवलं ते इझाबेलने.

आणि सरांना हे आधी आठवलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी दोनदा आठवलं. तेव्हा वाटलं, सोमवारी करू. मग फाइलीचं नाव होत गेलं, आणि जसजसं नाव होत गेलं तसतसा सोमवार लांब गेला.

दुपारचा चहा झाला. मंदाताईंनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"अहो, आज साखर चमच्याने घातलीत?"

"घातली."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"मग त्या पोरीला काय खोटं सांगितलंत?"

सर दचकले. मंदाताई शेंगा सोलत होत्या, वर बघतही नव्हत्या. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही 'करून तर बघ' कधी कुणाला म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणता, आधी मोज. ती गाडी चालू करेपर्यंत तुम्ही खिडकीत उभे होतात."

सरांनी सगळं सांगितलं. चांदणीपर्यंत आले तेव्हा मंदाताई हसल्या.

"हसतेस काय?"

"एवढीशी चांदणी! मला वाटलं, कुणाची जमीन लाटलीत."

"मंदा, लोक मला मानतात ते या फाइलीसाठी. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चारशे बारा जण आहेत."

"मोजलेत वाटतं? तरीच." मग त्या हसायच्या थांबल्या. "त्या चारशे बारांत ती एक आहे ना? ती आता तिकडे बसून तेच तिसऱ्यांदा करतेय. तुमचं नाव जाईल म्हणता. तिचं काम जाईल. यातलं मोठं काय ते तुम्हीच ठरवा, मापं घेणारे तुम्ही."

बुधवारी सकाळी दहाला राऊत सर जितेंद्र साटमच्या कारखान्यात हजर झाले.

जितेंद्र चंदनसारला राहतो, मूळचा कोकणातला, चाळिशीला आलेला, बोलका माणूस. सरांना बघून खुर्चीवरून उडालाच. "सर! तुम्ही इकडे? अरे, सरांना चहा आणा, आणि साखर वेगळी आणा, ते वजन करून घेतील!" चार जण हसले. कोपऱ्यातल्या टेबलाशी इझाबेल बसली होती. तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. समोर तिसरा बोर्ड होता, आणि त्याच्या शेजारी स्कोपचा पडदा, म्हणजे विजेची चाल रेषेत काढून दाखवणारं यंत्र. रेषा खाली गेलेली होती आणि वर यायला निवांत वेळ घेत होती.

"सत्तर?" सरांनी विचारलं.

"अडुसष्ट, सर. तारा आखूड केल्या."

"सर, तुम्हीच समजवा हिला," जितेंद्र म्हणाला. "सिम्युलेशन एकदम क्लीन आहे. तुमची फाइल वापरलीय, म्हणजे तिकडे तर प्रश्नच नाही. हिचं असेंब्लीमध्ये काहीतरी गंडतंय."

"हिचं काही चुकलेलं नाही," सर म्हणाले. "बोर्ड खरं बोलतोय. फाइल खोटी आहे."



जितेंद्र एकदम हळवा झाला. "सर, तुमचं मन मोठं आहे. पण पोरगी रडली म्हणून सगळं स्वतःवर घेऊ नका."

"मी रडले नाही," इझाबेल म्हणाली.

"जितेंद्र, वेळेच्या आकड्यांची ओळ मीच बंद केली होती."

"सर, राहू द्या ना. तुमची फाइल चुकेल? अख्खी वसई चालते तिच्यावर!"

झाली का पंचाईत! माणूस आयुष्यभर नाव कमावतो आणि मग खरं बोलायची वेळ आली, की ते नावच आडवं पडतं. सरांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. जितेंद्र दरवेळी अधिकच हात जोडायचा. शेवटी सरांनी बाही मागे सारली. "त्याच पाकिटातला एक सुटा ट्रान्झिस्टर दे. आणि स्कोप इकडे वळव."

कृती साधी होती. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू ठेवायचा, मग एकदम बंदचा हुकूम द्यायचा आणि तो हुकूम किती वेळाने पाळतो ते बघायचं. हुकूम सुटला. रेषा जागची हलली नाही. मग सावकाश वर आली.

"आमच्या वाडीतल्या तळ्यावर, बावखलावर, पंप आहे," सर म्हणाले. "बटण बंद केलं तरी पाटात भरलेलं पाणी शेवटच्या केळीपर्यंत वाहतच राहतं. याच्याही पोटात असाच भार साठलेला असतो. तो निथळेपर्यंत हा चालूच."

"आमच्या सोसायटीत बटण बंद व्हायच्या आधीच पाणी बंद होतं," जितेंद्र म्हणाला. पण त्याची नजर रेषेवर होती.

सरांनी मापं घेतली, एकदा नाही, पाचदा, आणि सरासरी काढली. मग लॅपटॉप पुढे ओढून त्या कुंडलीला पाचवी ओळ लिहिली. आरंभी अधिकचं चिन्ह. वेळेचा आकडा थोडा वर, थोडा खाली करत सुट्या ट्रान्झिस्टरच्या रेषेशी जुळवला आणि इझाबेलचं सर्किट पुन्हा चालवलं. कालपर्यंत चार दाखवणारा पडदा आता सहासष्ट म्हणाला.

शेजारी बोर्ड अडुसष्ट सांगत होता. सिम्युलेशन आणि बोर्ड, दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलले.

इझाबेल बराच वेळ दोन्ही पडदे बघत होती. मग तिने सरांकडे बघितलं. "सर, हे काल तुम्हाला माहीत होतं?"

सरांना खोकला आला. खोकून झाल्यावर ते म्हणाले, "होतं."

"मी काल संध्याकाळपर्यंत तारा आखूड करत होते. अंगठा भाजला."

"दिसला मला." सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "ओळ घालवली ती एक चूक. काल तुला तसंच पाठवलं, ती दुसरी. दुसरी मोठी आहे, इझाबेल. मला माफ कर."

एकतीस वर्षांत असं वाक्य सरांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. जितेंद्र उगाचच टेबलावरचे स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत घालू लागला.

इझाबेलने अंगठ्यावरची पट्टी दाबून बसवली. नंतर म्हणाली, "सरका जरा, सर. मला बसू द्या."

ती बसली आणि कामाला लागली. कुंडली खरी झाल्यावर संगणक आता तिला खरी उत्तरं देत होता. ट्रान्झिस्टर गळ्यापर्यंत भरला की रिकामा व्हायला वेळ खातो, तर मग तो तेवढा भरूच द्यायचा नाही. तिने त्याच्या दोन पायांमध्ये एक चपळ डायोड टाकून बघितला, जादाचा भार तिकडून वळवायला. पडदा म्हणाला वीस. एक छोटा कपॅसिटर जोडला. चौदा. त्याचं माप बदललं. नऊ. सर मागे उभे होते. दोनदा त्यांचं बोट पडद्याकडे गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते खिशात घातलं.

दुपारी तीन वाजता तिने डायोड आणि कपॅसिटर तिसऱ्या बोर्डावर जोडले. स्कोपवर ठोका आला.

"अकरा," ती म्हणाली.

"सिम्युलेशन नऊ म्हणत होतं," जितेंद्र म्हणाला.

"दोन नॅनोसेकंद तारांचे," इझाबेल म्हणाली. "तेवढे खरंच तारांचे. मोजून सांगतेय." आणि सरांकडे बघून पहिल्यांदाच हसली.

जितेंद्र चहा घेऊन सरांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, नऊ सालची ती परीक्षा... मी पण होतो त्या वीसमध्ये. माझा प्रोग्रॅम एका दमात चालला होता. मी अजून घरी सांगतो, की परीक्षक चाट पडले."

"सांगत राहा," सर म्हणाले. "पण पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळव."

"कळवतो, सर. आत्ताच कळवतो."

शुक्रवारी पार्टी आली. टाकीऐवजी एका उंच पिंपात यंत्र लावून दाखवलं. त्यांच्या इंजिनियरने विचारलं, हे कुणी केलं? जितेंद्रने इझाबेलकडे बोट केलं आणि स्वतः पाणी आणायला गेला. काम पुढे सरकलं, आणि कारखान्याच्या दारावर डिझाइन करणाऱ्यांची नावं लावलेली आहेत, तिथे तिचंही नाव लागलं.

सरांनी मात्र शुक्रवारपर्यंत दम धरला नव्हता. बुधवारी घरी पोचल्या पोचल्या त्यांनी चारशे बारा जणांच्या ग्रुपवर लिहिलं: 'फाइलीतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरची एक ओळ माझ्या हातून बंद राहिली होती. फक्त एका ट्रान्झिस्टरची मोजून दुरुस्त केली आहे. उरलेल्या एकोणचाळीस बाकी आहेत. तोवर वेगवान सर्किटासाठी माझी फाइल वापरू नका. प्रल्हाद राऊत.'

पाच मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. मग धबधबा कोसळला. मंदाताई चष्मा लावून एकेक मोठ्याने वाचू लागल्या.

"हा उमंग म्हणतो, 'सर, म्हणजे माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जळला तो फाइलीमुळे ना?'"

"त्याचा बॅटरी चार्जर होता. लिही, संथ सर्किट, फाइलीचा संबंध नाही. तू उलट्या बाजूने जोडला होतास."

"ही पूर्वी म्हणते, 'सर, माझी दारावरची घंटा आपोआप वाजते, तीही त्यामुळेच का?'"

"लिही, आत झुरळ शिरलंय का बघ."

"आणि हा तेजस. 'सर, माझं ठरलेलं लग्न मोडलं, त्यालाही हीच ओळ कारण असेल का?'" मंदाताईंना हसू आवरेना. "याला काय लिहू?"

सरांनी वजनकाटा पुढे ओढला, त्यावर कालचं राहिलेलं केळफूल ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघितली.

"लिही," ते म्हणाले, "पुरेशी माहिती दिलेली नाही."